पाँपेईचे कोडे आणि तेरची बाहुली

धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे गोरोबाकाकांचे गाव. त्याआधीचे सातवाहनकालीन ‘तगर’. पहिल्या शतकातील ग्रीक नोंदीनुसार येथील कापड गाड्यांतून भडोच बंदरी जाई.

इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीने गाडलेल्या इटलीतील पाँपेई नगरात १९३८ साली हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. ती घडली कुठे, हे कोडेच होते. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीच्या टेकाडांवरील मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या मूर्ती हौसेने जमविल्या. त्यांच्या संग्रहातील छोटी हस्तिदंती बाहुली पाँपेईच्या मूर्तीशी विलक्षण साम्य दाखविते. अभ्यासकांची नजर त्यामुळे दख्खनकडे वळली. हीच बाहुली एखाद्या व्यापाऱ्याच्या हाती लागली असती, तर केवळ दिवाणखान्याची शोभा ठरली असती. सापडल्याचे गाव ठाऊक होते, म्हणून ती पुरावा झाली. लामतुरे यांचा संग्रह पुढे शासनाकडे आला. त्यांच्या नावाचे संग्रहालय मात्र तेरमध्येच आहे.