ब्राउझरमधील मराठी मजकुराचे सदोष दर्शन : कारणे आणि संगणक-मांडणीतील उपाय

प्रस्तावना :
मराठी अभ्याससाहित्य उघडताना पडद्यावर अक्षरांऐवजी चौकटी किंवा अनाकलनीय चिन्हे दिसणे हा प्राध्यापकांचा जुना अनुभव आहे. अशा वेळी ब्राउझर काढून तो पुन्हा स्थापित केला जातो. वस्तुतः दोषाचे मूळ बहुधा फॉन्ट, अक्षरजुळणी किंवा संकेतप्रणाली यांत असते. पडद्यावर नेमके काय दिसते, यावरून त्याचे निदान करता येते.

पार्श्वभूमी :
१९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता. विंडोज २००० पासून संगणकात देवनागरीची सोय झाली. तिच्यासाठी वापरात आलेल्या ‘मंगल’ फॉन्टचे संकल्पन सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनी केले. ते ज्या सी-डॅक मुंबईशी संबंधित होते, तिचे एक केंद्र नवी मुंबईत खारघर येथे आहे.

लक्षणे व उपाय :
१) चौकटी दिसणे : देवनागरी फॉन्टचा अभाव हे याचे कारण होय. विंडोज १० व ११ मध्ये ‘निर्मला यूआय’ हा फॉन्ट अंतर्भूत असतो. ‘मंगल’ हवा असल्यास सेटिंग्जमधील ‘ऑप्शनल फीचर्स’मधून ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ घ्यावेत.

२) ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर येणे, जोडाक्षरे सुटणे : युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठविली जाते, ती अक्षराआधी दाखविण्याचे काम अक्षरजुळणी यंत्रणा करते. विंडोज एक्सपीमध्ये ही यंत्रणा ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’मधील ‘लँग्वेजेस’ या भागात जाऊन, जटिल लिप्यांच्या फाइलींचा पर्याय निवडून स्थापित करावी लागे. एक्सपीचा आधार २०१४ मध्ये संपला. व्हिस्टापासून ही यंत्रणा आपोआप मिळते. म्हणून जुना संगणक बदलणे हाच योग्य उपाय ठरतो.

३) प्रत्येक अक्षराच्या जागी दोन-तीन विचित्र चिन्हे : यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. पान चुकीच्या संकेतप्रणालीने वाचले गेले की ते तीन बाइट सुटे दिसतात. फायरफॉक्सच्या ‘व्ह्यू’ मेनूतील ‘रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग’ ही आज्ञा येथे उपयोगी पडते.

४) निव्वळ रोमन अक्षरांची अर्थहीन रांग : हा मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकित झालेला असतो. तेथे मराठी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या संकेतांवर बसविलेली असत. मूळ फॉन्ट स्थापित केल्यास मजकूर दिसतो. परंतु संगणकाच्या दृष्टीने तो रोमनच राहतो आणि मराठी शब्द टाकून शोधल्यास सापडत नाही.

निष्कर्ष :
पहिले तीन दोष संगणकाच्या किंवा ब्राउझरच्या मांडणीतून दूर होतात. चौथा होत नाही. त्यासाठी मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करून तो मूळ प्रतीशी ताडून पाहणे अपरिहार्य आहे. महाविद्यालयांतील जुने शोधनिबंध, प्रश्नसंच व वार्षिकांके यांबाबत हे काम मूळ फॉन्ट व ते ओळखणारे टंकलेखक उपलब्ध आहेत तोवरच हाती घेणे इष्ट होय. अन्यथा फाइली शाबूत राहूनही त्यांतील मराठी वाचकास दुरावेल.