अँथुरियमचा करपा: औषधाआधी पाणी सांभाळा

अँथुरियमच्या तकतकीत पानाच्या कडेला पाण्याने भिजल्यासारखा एखादा हिरवट ठिपका दिसतो. काही दिवसांत तो तपकिरी होतो आणि भोवती पिवळी किनार उमटते. 'ऊन लागलं असेल', 'खत कमी पडलं असेल' अशी आपण समजूत घालून घेतो आणि कौतुकाने आणखी पाणी घालतो. हा ठिपका जिवाणूजन्य करप्याचा असेल, तर नेमके तेच पाणी रोगाच्या पथ्यावर पडते.

हा रोग झँथोमोनस गटातल्या जिवाणूमुळे होतो. डिफेनबेकिया, फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम, अॅग्लोनेमा, कॅलेडियम अशा घरोघरच्या शोभेच्या झाडांवरही तो येतो. ही सगळी अळूच्या कुळातली भावंडे. मात्र सर्वाधिक फटका बसतो तो अँथुरियमला.

तो फटका केवढा असू शकतो, हे हवाई बेटांनी पाहिले आहे. मूळचे कोलंबिया-इक्वेडोरच्या पावसाळी जंगलांतले हे झाड १८८९ मध्ये लंडनमार्गे हवाईत पोहोचले आणि पुढे तिथल्या फूलव्यवसायाचा कणा बनले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला काउआई बेटावर या करप्याची नोंद झाली. १९८० च्या दशकात तो हिलो परिसरातल्या मोठ्या बागांत शिरला आणि १९९० पर्यंत हवाईचे फुलांचे उत्पादन जवळजवळ निम्म्यावर आले. लहान बागायतदार तर पार बुडाले.

या संकटामुळे हवाई विद्यापीठात बारकाईने संशोधन झाले. जिवाणू झाडात शिरतो कुठून, हा पहिला प्रश्न होता. रात्री माती ओली आणि हवा दमट असली की मुळे पाणी ओढत राहतात, पण पानांतून त्याची वाफ होत नाही. साठलेले पाणी पानाच्या कडेवरच्या सूक्ष्म छिद्रांतून थेंबांच्या रूपाने बाहेर येते. पहाटे अळूच्या पानाच्या कडेला लोंबणारे थेंब पुष्कळांनी पाहिले असतील. त्यांतले सगळेच दव नसते. या थेंबात जिवाणू पडला की तिथे वाढतो आणि थेंब परत आत शोषला गेला की त्याच छिद्रातून पानात उतरतो. ठिपके बहुधा कडेपासून सुरू होतात ते यामुळेच.

जिवाणूचा आतला प्रवास पाहण्यासाठी शास्त्रज्ञांनी एक नामी युक्ती केली. समुद्रातल्या चमकणाऱ्या जिवाणूंची जनुके त्यांनी या रोगजंतूत घातली. आता जिवाणू जिथे जाईल तिथे मंद प्रकाश पडे आणि संवेदनशील कॅमेरा तो टिपे. त्यातून एक अस्वस्थ करणारी गोष्ट कळली. वरून निरोगी दिसणाऱ्या भागातही जिवाणू आधीच पसरलेला असतो. ठिपका डोळ्यांना दिसतो तेव्हा रोग त्याच्या पुढे गेलेला असतो.

खताचाही यात हात आहे. अमोनियायुक्त नत्र जास्त दिले की पानाच्या थेंबांत अमिनो आम्ले वाढतात आणि जिवाणूंना आयती मेजवानी मिळते. पाने लवकर मोठी व्हावीत म्हणून युरियाचा मारा करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मग उपचार काय? रोग देठात आणि खोडात उतरला, जुनी पाने पिवळी पडून हात लावताच गळू लागली, खोड कापल्यावर आत तपकिरी रेषा दिसल्या, तर त्या झाडाला वाचवणारे औषध नाही. हवाईत प्रतिजैविकांची फवारणी करून पाहिली गेली, पण स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणारे जिवाणू तयार झाले. तांब्याची औषधे अँथुरियमच्या पानांनाच इजा करू शकतात. बुरशीनाशक तर इथे निरुपयोगीच, कारण हा रोग बुरशीचा नाही.

सुरुवातीला पकडला तर मात्र आशा असते. एक-दोन पानांवरच ठिपके असतील तर ती पाने देठासकट कापावीत. प्रत्येक कापणीनंतर कात्री सत्तर टक्के स्पिरिटने पुसावी. एकाच पात्याने दहा झाडे छाटणे म्हणजे रोग स्वतःच्या हाताने वाटणे. कापलेली पाने कंपोस्टमध्ये न टाकता पिशवीत बंद करून कचऱ्यात द्यावीत. खोडापर्यंत गेलेले झाड मातीसकट काढून टाकावे. वाईट वाटते, पण शेजारच्या कुंड्या वाचवायच्या तर इलाज नाही. रिकामी कुंडी ब्लीचच्या सौम्य द्रावणाने धुवावी.

कडा करपल्या म्हणजे हाच रोग, असेही नाही. क्षारयुक्त पाण्याने किंवा जास्त खतानेही कडा वाळतात, पण त्या कोरड्या आणि कुरकुरीत असतात. करप्याचा नवा ठिपका ओलसर दिसतो. पान उजेडासमोर धरले की तो तेलाच्या डागासारखा पारदर्शक भासतो.

प्रतिबंधाचे नियम याच विज्ञानातून निघतात. पाणी सकाळी घालावे, म्हणजे रात्रीपर्यंत वरची माती सुकते आणि पानांवर थेंब कमी येतात. ते बुंध्याशी घालावे, पानांवर नाही. दमटपणा आवडतो म्हणून पाने सतत फवारणेही थांबवावे, कारण शिंतोड्यांबरोबर जिवाणू एका पानावरून दुसऱ्यावर जातो. कुंड्यांत अंतर ठेवावे, एका बशीत दोन कुंड्या ठेवू नयेत. कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात, मुंबईच्या बंद बाल्कनीत हवा खेळती ठेवणे सर्वांत महत्त्वाचे. झाड घेताना शक्यतो ऊतिसंवर्धित रोप घ्यावे. नवे झाड काही आठवडे इतरांपासून वेगळे ठेवावे, कारण वरून धडधाकट दिसणाऱ्या झाडातही रोग महिनोन्‌महिने दडून राहू शकतो.

हवाईच्या बागा सावरल्या त्या एखाद्या जादूच्या औषधामुळे नव्हे. रोगी झाडे काढणे, स्वच्छ रोपे, स्वच्छ हत्यारे आणि रोगाला तोंड देणारे वाण यांमुळे त्या उभ्या राहिल्या. घरच्या चार कुंड्यांना याहून वेगळा नियम नाही. औषधाच्या दुकानात जाण्याआधी पाणी घालण्याची वेळ आणि कात्रीचे पाते तपासा.