मगरीची झेप

दीक्षितपुऱ्यातील आमच्या घरी सुटीत आलेल्या मुलांना परियट नदीवरील मगरी पाहावयाच्या असतात. जबलपूरजवळच्या या नदीत मगरींची जुनी वस्ती आहे. पण तासभर बसूनही मगर हालत नाही, तेव्हा मुले दगड शोधू लागतात. श्रोतेहो, त्यांचा हात वेळीच धरावा लागतो.

मगरीची ही निश्चलता म्हणजे काटकसर होय. आपल्या अन्नाचा मोठा भाग शरीर उबदार राखण्यात खर्ची पडतो; मगर ती ऊब सूर्याकडून घेते. म्हणून १९७६ साली मद्रासनजीक सुरू झालेल्या मगर-संवर्धन केंद्रासारख्या ठिकाणी पाळलेल्या थोराड मगरींनाही रोज अन्न लागत नाही. भरपेट खाल्लेली मगर कित्येक दिवस, प्रसंगी महिनेही, उपाशी राहू शकते.

राखलेले बळ ती एका क्षणात वापरते. पाण्यात शेपटीचे जोरदार फटकारे मारून ती सरळ वर उसळते. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड नदीवर काठीला टांगलेल्या मांसासाठी मगरी निम्म्याहून अधिक अंगाने पाण्याबाहेर येतात. जमिनीवर शेपटीला असा पाण्याचा रेटा मिळत नाही. तरी तेथेही ती अचानक झडप घालतेच. म्हणून जाणता रक्षक मांस लांब काठीने देतो व पाण्याच्या कडेपासून दूर उभा राहतो. पाणी शांत आहे, एवढ्यावरून काठ निर्धोक समजू नये. आमच्या मुलांनी एवढे ध्यानी धरले तरी पुरे.