ब्रॉडबँड आले आणि टेलिफोन मुका झाला

नवे ब्रॉडबँड घरात येते त्या दिवशी तरुण मंडळी मोठ्या खुशीत असतात. चित्रपट न अडकता दिसू लागतात, परदेशी असलेल्या माणसांचे चेहरे स्वच्छ दिसतात, आणि कोपऱ्यातला टेलिफोन बंद पडला आहे हे दोन-तीन दिवस कुणाच्या ध्यानातही येत नाही. येते ते घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या. कारण हल्ली तो फोन फक्त त्यांचाच उरलेला असतो.

माझ्या मावशीकडे असेच झाले. ती पुण्याला सदाशिव पेठेत राहते. वय ८२. कॉलेजसाठी नातू राहायला आला, म्हणून तांब्याच्या तारेची जुनी जोडणी काढून फायबरची घेतली. नंबर तोच राहिला. मावशीजवळ मोबाइल आहे. पण त्याच्या काचेला बोट लागले की भलतेच काहीतरी उघडते, म्हणून तो कपाटात असतो. वाणी, डॉक्टर, भजनी मंडळ, सगळे टेलिफोनवर. तिसऱ्या दिवशी माझी आई मला म्हणाली, "अरे, ताईचा फोन नुसता वाजतोय, उचलत नाही ती. दिवसभर एकटी असते. जाऊन बघ बरं!"

मी गेलो, तर मावशी ठणठणीत, फक्त भयंकर रागावलेली. "तीन दिवसांत एकालाही माझी आठवण झाली नाही!" नातवाच्या कानांत बोंडे, त्याला काय पत्ता? आईला पलीकडे घंटा ऐकू येत होती आणि इकडे शुकशुकाट होता, हीच खरी खूण होती.

त्याचे कारण असे. जुन्या तारेतून आवाजाबरोबर वीजही येत असे. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्या सुमारे ४८ व्होल्टचा दाब तारेवर ठेवीत, आणि घंटा वाजवताना तो याहून पुष्कळ वाढे. म्हणून तर गल्लीतले दिवे गेले तरी फोन चालू असे. फायबर म्हणजे केसाएवढा काचेचा धागा. त्यातून प्रकाश येतो, वीज नाही. तेव्हा एक्स्चेंजचे काम आता घरातल्या पांढऱ्या डबीनेच करायचे. मावशीच्या फोनची वायर होती ती भिंतीतल्या जुन्या सॉकेटमध्ये, आणि त्या सॉकेटच्या दुसऱ्या टोकाला आता कुणीच नव्हते! घंटा डबीच्या रिकाम्या भोकात वाजत होती म्हणायची.

तेव्हा पहिली परीक्षा हीच. एक साधा, वायरचा फोन घ्यावा आणि थेट डबीत लावावा. डबीच्या मागे इंटरनेटची भोके मोठी असतात, फोनचे लहान. त्यावर 'फोन', 'टेल' किंवा 'पॉट्स' अशी इंग्रजी अक्षरे असतात. फोनची पिन मोठ्या भोकातही जाऊन बसते, पण तिथे टोन यायचा नाही. लहान भोकात टोन आला, तर दोष आपल्या घरातल्या वायरिंगमध्ये. नाही आला, तर डबीवरचे दिवे पाहावेत. 'एल-ओ-एस'पाशी लाल दिवा असेल, तर धागा कुठे तरी तुटला किंवा फार मुडपला आहे. दिवे ठीक, इंटरनेट ठीक आणि तरीही टोन नाही, तर बहुधा नंबर कंपनीकडूनच सुरू व्हायचा राहिला आहे. या दोन्ही वेळी घरात पेचकस काढण्यात अर्थ नाही; तक्रार नोंदवावी. मी तर म्हणतो, मेकॅनिकच्या कागदावर सही करण्यापूर्वी त्याच्यासमोर एक फोन करावा आणि एक घ्यावा.

मावशीला आणखी एक फोन पलंगाशी हवा होता. डबीपासून घरातल्या जुन्या वायरिंगला जोड देता येतो, मात्र आधी बाहेरून येणारी तांब्याची जोडी पुरती सोडवून घेतली पाहिजे. ती जिवंत राहिली, तर तिच्यावरच्या विजेने डबीचे फोनचे भोक जळू शकते. हे काम जाणत्याकडून करून घ्यावे. आणि डबीचा जीव लहान; जुन्या घंटांचे तीन-चार फोन तिला झेपतीलच असे नाही. घंटा क्षीण झाली, तर एकेक फोन काढून पाहावा.

पलंगाशी ठेवला तो काकांचा काळा, जड, तबकडीचा फोन. तबकडीवर शून्य फिरवले की लाइन दहादा तुटते. त्या तुटण्यातूनच आकडा कळतो. पुष्कळ डब्यांना ही भाषा समजत नाही. त्यामुळे त्यावर फोन येतो, करता येत नाही. मावशीची तक्रार नाही. करायला बाहेरचा बटनांचा फोन आहे. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावे लागते, हे मात्र तिच्या वहीत प्रत्येक नंबरापुढे मी लिहून दिले.

ज्यांच्याकडे अजून तांब्याच्या तारेवरच ब्रॉडबँड आहे, त्यांचे दुखणे निराळे: बोलताना खरखर. तिथे प्रत्येक फोनला फिल्टरची छोटी डबी लागते. आतल्या खोलीतला एक विसरलेला फोनही साऱ्या घराची लाइन बिघडवतो.

आता विजेचे. फायबरच्या डबीची वीज गेली की फोन गेला, आणि वडीलधाऱ्यांना डॉक्टरची गरज लागायला दिवे असण्याचा मुहूर्त लागत नाही. राउटरसाठी छोटे यू.पी.एस. मिळते, ते काही तास डबी चालवते. घेताना डबीचे व्होल्ट पाहून घ्यावे; बहुतेकांना १२ लागतात. कॉर्डलेस फोनच्या बैठकीलाही वीज लागते, म्हणून एक तरी फोन वायरचा असावा. घरची वीज मुद्दाम बंद करून, टोन येतो का, हे दोन-तीन महिन्यांनी पाहावे. बॅटरी दमते. इमारतीच्या जिन्यात कंपनीचे विजेवर चालणारे यंत्र असेल, तर घरचे यू.पी.एस. पुरायचे नाही, हे कंपनीला आधीच विचारावे. कपाटातला मोबाइल चार्ज करून पलंगाशी ठेवला आहे, आणि नातवाने मावशीकडून त्यावर ११२ कसा लावायचा याची उजळणी तीनदा करून घेतली आहे.