रस्ता बदलण्याआधी बोला! हरकत कुठे, कधी आणि कशी नोंदवायची?

घरासमोरचा रस्ता अचानक एकेरी होतो. दुकानापुढे ‘नो पार्किंग’चा फलक लागतो. सोसायटीची भिंत मागे घ्यावी लागेल, असे पत्र येते. ‘आम्हाला कुणी विचारलंच नाही’ ही त्यावरची नेहमीची प्रतिक्रिया. यातल्या बऱ्याच निर्णयांआधी प्रशासनाने जाहीर नोटीस काढलेली असते आणि हरकती-सूचनाही मागवलेल्या असतात. मात्र ती नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत येते आणि मुदत कधी संपली ते कळतही नाही.

कोणत्या निर्णयावर कुणाकडे दाद मागायची, ते समजून घेऊ.

एकेरी वाहतूक, नो पार्किंग, वळणबंदी

हे अधिकार वाहतूक पोलिसांचे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ११५ ते ११७ हा त्यांचा आधार. पुण्यासारख्या शहरात वाहतूक शाखेचे पोलिस उपायुक्त आधी तात्पुरता आदेश काढतात, नागरिकांच्या लेखी हरकती मागवतात आणि मग अंतिम आदेश देतात. इथे सहसा समोरासमोर सुनावणी होत नाही. म्हणजे तुमचे पत्र हीच तुमची सुनावणी. बदल प्रत्यक्ष लागू झालेला असतो, त्यामुळे त्याचे परिणाम मोजून लिहिता येतात. ही संधी दवडू नका.

रस्तारुंदी

मुंबईचा पालिका कायदा वेगळा आहे (१८८८). राज्यातील इतर महापालिकांना १९४९ चा महापालिका अधिनियम लागू होतो. त्याच्या कलम २१० नुसार रस्त्याची नवी रेषा आखायची असेल, तर स्थायी समितीच्या बैठकीच्या किमान एक महिना आधी जाहीर नोटीस द्यावी लागते. ती वर्तमानपत्रात, राजपत्रात आणि त्या रस्त्यावरही लावावी लागते. लेखी हरकत नगरसचिवांच्या कार्यालयात बैठकीपूर्वी पूर्ण तीन दिवस आधी पोहोचली पाहिजे. २०२० मध्ये पुण्यातील सहा मीटरचे तीनशेहून अधिक रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव आला, तो याच कलमाखाली.

विकास आराखडा (डीपी)

शहराचे पुढच्या वीस वर्षांचे रस्ते इथे ठरतात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ नुसार प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती मागवतात. मुदत सहसा ३० दिवसांची असते, अचूक तारीख नोटिशीत पाहावी. त्यानंतर कलम २८ नुसार नियोजन समिती हरकतदारांना प्रत्यक्ष ऐकून घेते. मंजूर आराखड्यात नंतर फेरबदल करायचा असेल, तर कलम ३७ नुसार पुन्हा एक महिन्याची मुदत मिळते.

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे. पुण्यातील एचसीएमटीआर, म्हणजे उच्च क्षमता द्रुतगती वर्तुळाकार मार्ग, १९८७ च्या आराखड्यात दाखवला गेला. त्यावर मोठी चर्चा आणि विरोध झाला तो तीन दशकांनंतर. नकाशावर रेषा ओढली जाते, तेव्हा ‘हा रस्ता हवा का’ हा प्रश्न विचारता येतो. जेसीबी आल्यावर बोलणे उरते ते मोबदल्याचे आणि झाडांचे.

झाडे आणि मेट्रो

रस्त्यासाठी किंवा मेट्रोसाठी झाडे तोडायची असतील, तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वर्तमानपत्रात आणि प्रत्यक्ष झाडावर नोटीस लावावी लागते. मुदत थोडी असते, म्हणून झाडावरचा कागद दिसताच फोटो काढून ठेवा.

मेट्रोबाबत एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. पर्यावरणीय परिणामांच्या २००६ च्या अधिसूचनेत रेल्वे आणि मेट्रो मार्गांचा समावेश नाही. त्यामुळे महामार्गासाठी होते तशी पर्यावरणविषयक जनसुनावणी मेट्रोसाठी बंधनकारक नाही. झाडांची नोटीस आणि भूसंपादन हीच मुख्य दारे उरतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतीसाठी ६० दिवस मिळतात.

हरकत कशी लिहायची?

‘आमचा या प्रस्तावाला तीव्र विरोध आहे’ एवढ्यावर पत्र संपले, तर अधिकारी ‘विरोध नोंदवला’ असा शेरा मारून पुढे जातो. त्याला उत्तर द्यावेच लागेल, असे काही लिहा :

• नोटिशीचा क्रमांक, तारीख, रस्त्याचे नाव आणि लागू असल्यास सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक.
• तुमचा संबंध : रहिवासी, दुकानदार, रोजचा बसप्रवासी, पालक.
• मोजलेली माहिती. सकाळी साडेआठ ते साडेनऊ चौकात उभे राहून वाहने, बस आणि रस्ता ओलांडणारे मोजा. सलग तीन दिवस मोजले तर आकड्याला वजन येते. फोटोवर वेळ दिसू द्या.
• पर्याय. उदाहरणार्थ : ‘एकेरी मार्गामुळे बसथांबा शाळेपासून दूर जातो. शाळेच्या वेळेत बसला दुहेरी मुभा द्यावी.’
• शेवटी एक स्पष्ट वाक्य : ‘मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी.’

पत्राच्या दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ई-मेल केला तरी ही पोचपावती हाताशी असावी. पुढे न्यायालयात जायची वेळ आली, तर पहिला पुरावा हाच.

सह्यांचे एकच निवेदन द्यायचे की वेगवेगळी पत्रे? शक्य असेल तर वेगवेगळी द्या. एकाच मजकुराच्या शंभर प्रतींचा विचार एकत्र होतो. रिक्षाचालक, ज्येष्ठ नागरिक आणि दुकानदार यांनी आपापली अडचण लिहिली, तर तीन वेगळे मुद्दे नोंदीवर येतात.

माहिती अधिकाराचा अर्ज उपयोगी असला तरी उत्तराला ३० दिवस लागू शकतात. तोवर हरकतीची मुदत संपते. म्हणून आधी नगररचना विभागात जाऊन नकाशा पाहा, तुमच्या भागाची प्रत मागा आणि माहिती अधिकाराचा अर्ज त्याच दिवशी द्या.

सुनावणीच्या दिवशी

वेळ फार तर काही मिनिटांची मिळते. पहिल्याच वाक्यात मागणी सांगा, मग दोन कारणे आणि एक नकाशा किंवा फोटो. तोंडी मांडलेला प्रत्येक मुद्दा लेखी स्वरूपातही हातात द्या.

समोर कोण बसले आहे, तेही नोंदवा. आंध्र प्रदेशातील बससेवेच्या राष्ट्रीयीकरणाच्या प्रकरणात (गुल्लापल्ली नागेश्वर राव, १९५८) खासगी बसमालकांच्या हरकती परिवहन सचिवांनी ऐकल्या आणि निर्णय मुख्यमंत्र्यांनी दिला. एकाने ऐकायचे आणि दुसऱ्याने ठरवायचे, ही सुनावणीच नव्हे, अशी भूमिका घेऊन सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. अर्थात हे तत्त्व प्रत्येक प्रक्रियेला जसेच्या तसे लागू होत नाही. आराखड्यात समिती ऐकते आणि अंतिम मंजुरी शासन देते, अशी रचना कायद्यातच आहे.

याने फरक पडतो का?

कधी पडतो. मुंबईचा २०१५ चा प्रारूप आराखडा चुकांमुळे इतका गाजला, हरकतींचा इतका पाऊस पडला की एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो नव्याने करण्यास सांगितले. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आले.

कधी पडत नाही. आरे येथील मेट्रो कारशेडसाठीच्या २,६४६ झाडांबाबत हजारो हरकती येऊनही वृक्ष प्राधिकरणाने ऑगस्ट २०१९ मध्ये मंजुरी दिली. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली, तोवर बहुतेक झाडे पडली होती.

हरकत म्हणजे मतदान नव्हे, संख्या जास्त म्हणून प्रस्ताव रद्द होत नाही. पण मुदतीत दिलेला, मोजमापासह मांडलेला मुद्दा सरकारी फाइलवर राहतो. तो विचारात न घेता निर्णय झाला, तर त्याचा जाब नंतर विचारता येतो. मुदतीत काहीच न लिहिणाऱ्याला ही सोय नाही. म्हणून आज घरी जाताना रस्त्यावरच्या खांबावर, झाडावर किंवा क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर एखादी नोटीस लागली आहे का पाहा आणि तिच्यावरची शेवटची तारीख फोनमध्ये नोंदवून ठेवा.