चाळीस खुर्च्यांची सभा
(व्याख्यानाचं शब्दांकन)



मागच्या व्याख्यानानंतर डोंबिवलीच्या एका श्रोत्यांचा प्रश्न आला. त्यांनी लिहिलं होतं, "सर, तुमचं बोलणं मी गाडीत ऐकतो. मीही थोडंफार लिहितो, मोबाईलवरच. आमच्या भागात येत्या रविवारी लिहिणाऱ्यांचा एक लहानसा मेळावा आहे. तीस-चाळीस माणसं येतील. पाहुणेही कुणी फार नावाजलेले नाहीत. आठवड्यात एकच सुट्टी मिळते. तिथे जाऊन मला मिळणार काय?"

मी त्यांना "जरूर जा" असं दोन शब्दांत कळवू शकलो असतो. पण रविवार ही कल्याण-डोंबिवलीच्या माणसाची मोठी इस्टेट आहे. ती मागायची तर कारण सांगायला हवं. म्हणून आजचं व्याख्यान या प्रश्नावरच.

आधी एक गोष्ट मान्य करतो. मोठ्या संमेलनाची मजा वेगळीच असते. २०१० च्या डिसेंबरात ठाण्यात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष उत्तम कांबळे होते. २०१७ च्या फेब्रुवारीत नव्वदावं संमेलन डोंबिवलीत झालं, अध्यक्ष अक्षयकुमार काळे. ग्रंथदिंडी, पुस्तकांचे गाळे, ज्यांना आपण फक्त मुखपृष्ठावर पाहिलं ती माणसं प्रत्यक्ष समोर. हा भाषेचा उत्सव आहे आणि उत्सवाला गर्दीच हवी. पण उत्सवात आपण असतो प्रेक्षक. मंडपातल्या माणसाला वक्त्याचं एखादं वाक्य पटलं नाही, तर तो काय करणार? शेजाऱ्याच्या कानात कुजबुजणार, नाहीतर चहाला उठणार.

लहान सभेत काय होतं, ते माझ्यावर गुदरलेल्या एका प्रसंगावरून सांगतो.

काही वर्षांपूर्वी कल्याणला एका शाळेच्या वर्गात अशीच सभा होती. मोजून चाळीस खुर्च्या, त्यातल्याही पाच-सात रिकाम्या. मी डेव्हिड ह्यूमवर बोलत होतो. अठराव्या शतकातला हा स्कॉटिश तत्त्वज्ञ. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आजवर सूर्य रोज उगवला, म्हणून उद्याही उगवेल, या अनुमानाला तर्काचा पक्का आधार देता येत नाही. आपण तशी अपेक्षा करतो ती मनाला लागलेल्या सवयीमुळे. हा विषय मी वर्षानुवर्षं कॉलेजात शिकवला. मुलं वहीत उतरवून घ्यायची, परीक्षेत लिहायची, गुण मिळवायची. विषय संपला!

त्या दिवशी तिसऱ्या रांगेतून एक गृहस्थ उठले. रेल्वेतून निवृत्त झालेले मोटरमन. म्हणाले, "सर, मी आयुष्यभर गाडी चालवली. हिरवा सिग्नल दिसला की पुढचा रूळ मोकळा आहे असं धरून चालायचो. पण ते सवयीने नव्हे. सिग्नलची रचनाच अशी असते की काही बिघडलं, वायर तुटली, तर त्याने लाल व्हावं. दिवाच दिसला नाही, तर तोही लालच समजायचा असा नियम. हिरवा दिसायला सगळं नीट चालू असावं लागतं. माझा भरवसा कालच्या हिरव्यावर नव्हता, या रचनेवर होता."

मी म्हटलं, "बरोबर. पण वायर तुटली की सिग्नल लाल होईल, हे तरी कशावरून?"

"आतला रिले वीज गेली की स्वतःच्या वजनाने खाली पडतो."

"आणि वजन उद्याही असेल, हे कशावरून?"

सभा हसली, तेही हसले. वाटलं, जिंकलो. पण गृहस्थ खाली बसले नाहीत. थोडं थांबून म्हणाले, "म्हणजे शेवटी सवयच म्हणा. पण सर, तुमची सवय आणि माझी सवय सारखी नाही. माझी तपासलेली आहे."

मंडळी, "तपासलेली सवय" हा शब्द मला माझ्या कोणत्याही पुस्तकात सापडला नव्हता. रोज सूर्य उगवतो म्हणून डोळे मिटून ठेवलेला विश्वास, आणि बिघाड होणारच हे गृहीत धरून, तो झाला तर काय, याची आधी तजवीज करून ठेवलेला विश्वास, या दोहोंना मी एकाच टोपलीत टाकत होतो. ह्यूमचा प्रश्न त्याने सुटत नाही. पण माझं शिकवणं अपुरं होतं, हे मला त्या वर्गात कळलं. सभेनंतर आम्ही दोघं स्टेशनापर्यंत चालत गेलो, वाद चालूच होता. त्यानंतर ह्यूमवरचं माझं टिपण मी नव्याने लिहून काढलं.

आता विचार करा, हे कशामुळे घडलं? माझ्या भाषणामुळे तर नव्हेच. त्या गृहस्थांना उठता आलं, मला उत्तर देता आलं, आणि माझ्या उत्तरावर त्यांना पुन्हा बोलता आलं. हा तिसरा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा. मोठ्या सभागृहात प्रश्नाची चिठ्ठी येते, वक्ता उत्तर देतो, टाळ्या पडतात आणि पुढची चिठ्ठी उघडली जाते. माझ्या बाजूने टाळ्या पडल्या तिथेच संपलं असतं, तर मी चूकच घेऊन घरी आलो असतो.

आपल्याकडे या गोष्टीचा फार जुना विचार झालेला आहे. तोही कुठे, तर वैद्यकाच्या ग्रंथात. चरकसंहितेच्या विमानस्थानात आठव्या अध्यायात 'तद्विद्यसंभाषा' हे प्रकरण येतं. तद्विद्य म्हणजे तीच विद्या जाणणारा. वैद्याने वैद्याशी बोलावं, असं चरक सांगतो आणि त्याचे फायदे एकामागून एक मोजतो. ज्ञानाची ओढ वाढते. बोलण्याची ताकद येते. आधी ऐकलेल्या गोष्टीबद्दल शंका असेल तर ती पुन्हा ऐकून फिटते, आणि शंका नसेल तर समज पक्की होते. कधी न ऐकलेलं काही कानावर पडतं. आणि मग येतो माझा सगळ्यात आवडता फायदा: गुरू प्रसन्न झाला तर आपल्या आवडत्या शिष्याला जे गुपित हळूहळू, टप्प्याटप्प्याने सांगेल, तेच माणूस चर्चेच्या भरात, जिंकण्याच्या ईर्ष्येने, एकदम बोलून टाकतो.

आमच्या मोटरमन साहेबांनी नेमकं हेच केलं. हाताखालच्या नवशिक्याला त्यांनी जे महिनोन्‌महिने शिकवलं असतं, ते मला तीन वाक्यांत मिळालं. कारण मी त्यांना डिवचलं होतं.

चरक या बोलण्याचे दोन प्रकार करतो. एक संधाय संभाषा, म्हणजे मैत्रीने केलेली. दुसरी विगृह्य संभाषा, म्हणजे भांडणाच्या पवित्र्यातली. मैत्रीच्या चर्चेत निःशंक विचारावं, निःशंक सांगावं, हरण्याची भीती बाळगू नये आणि समोरचा हरला तर नाचू नये, असं तो बजावतो. न्यायदर्शनानेही असाच भेद केला आहे. सत्य शोधायला करतात तो वाद, जिंकायला करतात तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची नुसती मोडून काढणं ती वितंडा. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर यातलं काय चालतं, ते मी सांगायला नको.

आता संख्येचा मुद्दा. लहान सभा म्हणजे मोठी व्हायची राहून गेलेली सभा, असं आपण समजतो. ॲरिस्टॉटलने नगर केवढं असावं याचा विचार करताना विचारलंय की, माणसं फारच झाली तर त्यांचा दवंडीवाला कोण होणार? त्याला स्टेंटोरचाच आवाज हवा! स्टेंटोर म्हणजे होमरच्या महाकाव्यातला, पन्नास माणसांइतका आवाज असलेला वीर. शिवाय नागरिकांनी एकमेकांचा स्वभाव ओळखला पाहिजे, ही त्याची अट. आपल्या कामाचं माप यातून मिळतं: माईक न घेता मागच्या रांगेतल्या माणसाला बोलता आलं पाहिजे. चाळीस खुर्च्या या मापात बसतात.

हाच ॲरिस्टॉटल मैत्रीबद्दल लिहिताना म्हणतो, की माणसांनी एकत्र राहणं म्हणजे बोलण्यात आणि विचारात वाटेकरी होणं. गुरं एका कुरणात चरतात, ते एकत्र असणं वेगळं. सकाळी आठची डोंबिवली लोकल ज्याने पकडली आहे, त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. खांद्याला खांदा, पण शब्दाला शब्द नाही. त्याच डब्यात एका कोपऱ्यात भजनी मंडळ असतं. दहा-बारा माणसं, दोन टाळ. ती मात्र खरोखर एकत्र असतात. कोण आज आला नाही, हेही त्यांना माहीत असतं.

आपल्या भागाला ही सवय नवी नाही. कल्याणपर्यंत रेल्वे आली १८५४ साली. दहा वर्षांत, १८६४ मध्ये, कल्याणचं सार्वजनिक वाचनालय उभं राहिलं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. अखिल भारतीय म्हणून आपण आज जे मिरवतो, त्या संमेलनाची सुरुवातही १८७८ साली पुण्यात झाली ती न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी बोलावलेल्या ग्रंथकारांच्या सभेने. अगदी अलीकडचं सांगायचं तर इंटरनेटवर मराठी लिहिणाऱ्यांनीही हाच रस्ता धरला. 'मायबोली' १९९६ मध्ये सुरू झाली. जगभर पसरलेली ही मंडळी पडद्यावर रोज भेटत होतीच, तरी प्रत्यक्ष भेटायची गरज त्यांना वाटली आणि त्यासाठी 'गटग' असा शब्दही त्यांनी घडवला. गेट-टुगेदरचं गटग! 'मिसळपाव'वाल्यांनी त्यालाच 'कट्टा' म्हटलं.

पडद्यावर लिहिणाऱ्याला आकडे मिळतात. किती जणांनी पाहिलं, किती जणांनी अंगठा दाखवला. कुणाला काय पटलं नाही आणि का, हे मिळत नाही. प्लेटोने लिखित शब्दाबद्दल हीच तक्रार केली आहे: त्याला काहीही विचारा, तो तेच ते पुन्हा सांगतो. आता तुम्ही माझं हे व्याख्यान ऐकताय, तेही असंच आहे. तुम्ही इथे "थांबा सर, हे चुकलं" म्हणालात तरी मी आपला बोलतच राहणार. म्हणून म्हणतो, ही व्याख्यानं ऐका, पण यांच्यावर भागवू नका.

लहान सभेचे दोषही सांगितले पाहिजेत. तिथे सगळे ओळखीचे असतात. मी तुमच्या कवितेला वा म्हणायचं, तुम्ही माझ्या लेखाला. उंटाने गाढवाच्या आवाजाची तारीफ करावी आणि गाढवाने उंटाच्या रूपाची, तशातली गत. दुसरा दोष जास्त गंभीर आहे. ओळखीच्यांनाच बोलावलं की बाकीचे आपोआप बाहेर राहतात. १८८५ साली ग्रंथकारांच्या दुसऱ्या सभेचं निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेलं, तेव्हा त्यांनी पत्र पाठवून नकार दिला. ज्यांच्या मनात सर्व माणसांना त्यांचे हक्क द्यायचे नाहीत, त्यांच्या सभांशी आणि ग्रंथांशी आमचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय होता. ते पत्र प्रत्येक आयोजकाने दरवर्षी एकदा वाचावं. आपल्या ठाणे-कल्याण पट्ट्यात आगरी आहेत, कोळी आहेत, कातकरी आणि वारली आहेत, उल्हासनगरचे सिंधी आहेत. डोंबिवलीच्या २०१७ च्या संमेलनाचं यजमानपद आगरी यूथ फोरमने घेतलं, ही मला त्या संमेलनातली महत्त्वाची गोष्ट वाटते. आपल्या चाळीस खुर्च्यांवर कोण बसलंय, हे मोजून पाहा. सगळे एकाच गल्लीतले, एकाच वयाचे असतील, तर त्या सभेत कुणी मोटरमन उठून उभा राहणार नाही.

तेव्हा प्रश्न विचारणाऱ्या श्रोत्यांना माझं सांगणं असं. जा. जाताना स्वतःचं एकच पान बरोबर न्या, ज्यात कुठेतरी अडलंय असं पान. चांगलं जमलेलं नेऊ नका, त्याला टाळ्या मिळतील आणि तुम्ही जसे गेलात तसेच परत याल. मागच्या रांगेत बसू नका. एकदा तरी उठून विचारा, आणि उत्तर पटलं नाही तर खाली बसू नका. चहाच्या वेळी ओळखीच्या घोळक्यात न जाता एका अनोळखी माणसाला विचारा, "आपण काय लिहिता?" आणि परत येताना कुणाबरोबर तरी स्टेशनापर्यंत चालत या. सभेतलं अर्ध बोलणं रस्त्यावर होतं. दूरच्या शहरातला वक्ता पुन्हा भेटेलच असं नाही. पण याच भागातला माणूस पुढच्या आठवड्यात फलाट क्रमांक तीनवर भेटतो, आणि विचारतो, "काय, लिहिलं का पुढे?" असं विचारणारं कुणी असलं की लिहिणं टाळता येत नाही.

एक प्रश्न घेतो आणि थांबतो.

प्रश्न: मला चारचौघांत बोलता येत नाही. नुसतं ऐकायला गेलं तर चालेल का?

उत्तर: चालेल. चरकाच्या यादीत ऐकण्याचे फायदे बोलण्यापेक्षा कमी नाहीत. पण दुसऱ्या-तिसऱ्या वेळी स्टेशनाच्या रस्त्यावर तरी बोला. तिथे चारचौघं नसतात, एकच माणूस असतो. मोटरमन साहेबांनीही मला नंतर सांगितलं, की सभेत उठून बोलण्याची त्यांची ती पहिलीच वेळ होती.