पार्थिव गणेश आणि आमची गोदामाई

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस घरोघर जे पूजन होते, त्याचे शास्त्रोक्त नाव पार्थिव गणेशपूजन असे आहे. पार्थिव म्हणजे पृथ्वीचा, मातीचा. शुद्ध मृत्तिकेची मूर्ती करावी, प्राणप्रतिष्ठेने तिच्यात देवत्व आणावे, आणि उत्तरपूजा झाल्यावर जलात विसर्जन करावे, एवढाच मूळ विधी. संकल्पाच्या वेळी यजमानाच्या मुखातून 'यथामिलित' असा एक शब्द जातो. सहज मिळालेल्या द्रव्यांनी ही पूजा करतो, हा त्याचा अर्थ. अमुक उपचार नसेल तर तेथे अक्षता वाहाव्यात, इतके औदार्य शास्त्रकारांनी दाखविले आहे. आम्ही मात्र श्रावण सरण्यापूर्वीच याद्या हाती घेऊन मेनरोडच्या गर्दीत शिरतो. गतवर्षीचे मखर माळ्यावर धडधाकट असते; तरी नवे हवे. शेजाऱ्यांची मूर्ती दीड फूट, तर आपली दोन फूट.

दोष लोकांस देऊन आम्हांस मोकळे होता येणार नाही. काही वर्षांपूर्वी एका मंडळाच्या मांडवात आमचे कीर्तन होते. पूर्वरंगात आम्ही अपरिग्रहावर निरूपण केले. मध्यंतरात बुक्का लावणे चालले असता ध्वनिक्षेपकावरून घोषणा झाली, की अमुक दुकानी दूरचित्रवाणी संच घेणारास चांदीचे नाणे भेट! उत्तररंगास उभे राहिलो तो श्रोते गालांत हसत होते. बिदागी त्याच दुकानदाराची होती, आणि ती आम्ही घेतली.

आमच्या घरीही दोन वर्षे प्लास्टरची मूर्ती आली. सुबक, हलकी, स्वस्त. अनंत चतुर्दशीनंतर तिसऱ्या दिवशी गोदाकाठी स्नानास गेलो असता उथळ पाण्यात अनेक मूर्ती तशाच पडलेल्या दिसल्या. कोणाचा हात गेलेला, कोणाची सोंड. रंग मात्र शाबूत. त्यांत आमची होती की नाही, हे पाहण्याचे धैर्य झाले नाही. जिप्सम भाजून केलेले ते चूर्ण पाण्यात विरघळत नाही, आणि वरच्या रासायनिक रंगांत शिसे, पारा यांसारखी विषे असू शकतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली प्लास्टरच्या मूर्ती नकोत असे मार्गदर्शन केले, ते याचसाठी.

वाचकहो, ही नदी आपल्याकडे कशी आली, ती कथा आपण जाणताच. गोहत्येच्या दोषातून मुक्त होण्यासाठी गौतमांनी ब्रह्मगिरीवर तप केले, आणि शंकरांच्या जटेतली गंगा गौतमी होऊन उतरली. प्रायश्चित्तासाठी आलेल्या त्या मातेचे आपण काय केले? २००३ च्या सिंहस्थासाठी यात्रेकरूंच्या सोयीकरिता तिच्या पात्रात काँक्रीट ओतले गेले. प्राचीन कुंडे आणि तळचे झरे त्याखाली गेले. २०१६ च्या एप्रिलात, पाडव्याच्या तोंडावर, रामकुंड कोरडे पडले आणि पर्वस्नानासाठी टँकरने पाणी आणून सोडावे लागले. पावसाने ओढ दिली होती, हे खरे. पण झरे मोकळे असते तर काय झाले असते, हा विचार त्या दिवशी आमच्या मनातून जाईना. पुढे गोदाप्रेमी नागरिक ते काँक्रीट काढावे म्हणून न्यायालयापर्यंत गेले. आणि येत्या सिंहस्थासाठी तपोवनातली शेकडो झाडे तोडण्याचा प्रश्न आला तेव्हा, २०२५ साली, नाशिककर झाडांपाशी उभे राहिले. त्यांत भाविक होते, नास्तिक होते, आणि शाळेची पोरेही होती. आम्हांस त्या गर्दीत बरे वाटले.

विसर्जनाच्या दिवशी गोदाकाठी 'देव द्या, देवपण घ्या' असे म्हणत मूर्ती स्वीकारणारे विद्यार्थी अनेकांनी पाहिले असतील. प्रारंभी आमच्यासारख्या जुन्या माणसांच्या कपाळास आठ्या पडल्या. देव का कोणाला द्यायचा असतो? परंतु निर्माल्याच्या पिशव्या त्यांनी ज्या आदराने वेगळ्या ठेवल्या, तो पाहून आम्ही गप्प झालो.

आता अनेक माता-भगिनी आम्हांस विचारतात, की घरी बादलीत विसर्जन केले तर दोष लागतो काय? आमचे उत्तर सरळ आहे. कलशपूजनात आपण गंगा, यमुना, गोदावरी अशा सप्तनद्यांस त्या पाण्यात बोलावतो. तांब्याभर पाण्यात गोदावरी येते हे आपण मानतो, तर बादलीत येत नाही असे कसे म्हणावे? शाडूचाही अभिमान नको. ती मातीही बहुधा गुजरातेतून खणून येते, आणि नदीत टाकली तर गाळच होते. मूर्ती लहान असावी आणि माती घरीच राहावी, हे बरे.

गतवर्षी आमच्या वीतभर मूर्तीचे विसर्जन अंगणातल्या पितळी घंगाळात झाले. नात रात्री दोनदा उठून पाहून आली. सकाळी ती माती आम्ही वाळवून फडक्यात बांधून ठेवली आहे. यंदाचा गणपती त्याच मातीचा आपण करणार, असे तिने सांगितले आहे. सोंड तिला जमेल की नाही, याची आजीला काळजी आहे.